मे महिन्यात वर्ट ४० अंशांवर अडकतो: घरगुती चिलरचं समस्या निवारण

समस्या अशी: २० लिटर वर्ट (बीअर बनवण्यासाठी मोड आणलेल्या बार्लीचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा) उकळून झालाय, तांब्याची कॉइल (आतून नळाचं पाणी फिरवणारी वेटोळी नळी, हाच चिलर) पातेल्यात आहे, नळ पूर्ण सोडलाय. पहिल्या दहा मिनिटांत तापमान झपाट्यानं ६० पर्यंत उतरतं, मग वेग मंदावतो आणि ४२-४३ वर काटा बसून जातो. अर्धा तास पाणी सोडा, तासभर सोडा, तिथून हलत नाही. जानेवारीत हीच कॉइल वीस-पंचवीस मिनिटांत वर्ट २० वर आणते. दर उन्हाळ्यात हा प्रश्न नव्यानं उभा राहतो आणि बहुतेक जण त्यावर आणखी पाच मीटर तांबं विकत घेतात. तो पैसा वाया जातो.

कॉइल कितीही लांब केली तरी तिच्यात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा वर्ट थंड होणार नाही. व्यवहारात तो त्याच्या दोन-तीन अंश वरच थांबतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, नवतप्यात तर स्लॅब रात्रीही निवत नाही. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ४० च्या पुढे असतं. म्हणजे चिलर बरोबर चाललाय, त्याला थंड पाणीच मिळत नाहीये. या लेखातले जवळपास सगळे उपाय त्या एका गोष्टीभोवती आहेत.

कायद्याचं आधीच सांगून टाकू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे, घरच्या वापरासाठी असली तरी. पुढचे आकडे बीअरच्या वर्टचे आहेत. परवाना नसेल तर हेच सामान कॉम्बुचाचा (आंबवून प्यायचा) चहा किंवा यीस्ट न घालता प्यायचं माल्टचं पेय थंड करायला जसंच्या तसं चालतं. २० लिटर गोड चहा निवायला वर्टइतकाच त्रास देतो. फरक एवढाच की कॉम्बुचाला २८ अंश पुरतात, त्यामुळे बर्फाचा शेवटचा टप्पा गाळता येतो.

आधी तीन तापमानं मोजा

काहीही विकत घेण्याआधी तीन आकडे एकाच वेळी लिहून घ्या: कॉइलमध्ये शिरणारं पाणी, कॉइलमधून बाहेर पडणारं पाणी आणि वर्ट. दर पाच मिनिटांनी. बिघाड कुठे आहे ते हे तीन आकडेच सांगतात.

बाहेर पडणारं पाणी जवळजवळ वर्टइतकं गरम असेल, समजा वर्ट ७० आणि बाहेरचं पाणी ६७, तर कॉइल तिचं काम पूर्ण करतेय, पाण्याची धार कमी पडतेय. नळ वाढवा, पाइप कुठे मुडपलाय का बघा.

वर्ट ७०, आत येणारं ४० आणि बाहेर पडणारं जेमतेम ४५, असं असेल तर उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाहीये. इथे दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं: वर्ट ढवळला जात नाही. कॉइलला लागून असलेला थर निवतो आणि तिथेच बसून राहतो, मधला भाग गरमच. लांब दांड्याच्या स्टीलच्या झाऱ्यानं हळूहळू ढवळत राहा, किंवा कॉइलच धरून वर-खाली हलवा. वेळ सरळ अर्ध्यावर येतो. दहावं कारण म्हणजे कॉइलचे वरचे दोन-तीन वेढे वर्टच्या पातळीच्या वर उघडे राहिलेत. बोअरचं जड पाणी वर्षभर वापरलं असेल तर आतून क्षार बसलेले असतात. कॉइलमध्ये पांढरं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं की सुटतात.

आणि वर्ट ४३, आत ४०, बाहेर ४१ असे आकडे दिसले तर कॉइलचा, धारेचा, ढवळण्याचा काही दोष नाही. तुम्ही पाण्याच्या मर्यादेला टेकलात. पुढचं सगळं या तिसऱ्या गटासाठी.

फुकट मिळणारे अंश

बर्फाकडे जाण्याआधी पाण्याची वेळ आणि वाट बदलून बघा. टाकीतलं पाणी सगळ्यात थंड असतं पहाटे, सूर्य वर येण्याआधी. उकळणं पहाटे साडेचारला सुरू करून सहाला थंड करायला घेतलं तर दुपारपेक्षा आठ-दहा अंश सहज कमी मिळतात. महापालिकेचं पाणी ज्या वेळेला येतं त्या वेळेला थेट लाइनवरून घेता आलं तर टाकी टळते, कारण पेंच-कन्हानचं ते पाणी जमिनीखालच्या नळांतून येतं आणि छतावर तापलेलं नसतं.

बोअर असेल तर तुम्ही नशीबवान. जमिनीतलं पाणी वर्षभराच्या सरासरी हवेच्या तापमानाजवळ असतं, इथे साधारण २७ ते २९. पण ते टाकीत न चढवता, मोटर चालू असताना डिलिव्हरी लाइनच्या टीवरून थेट कॉइलला द्यायचं. मोटरचा दाब जास्त असतो म्हणून कॉइलच्या आधी बॉल व्हॉल्व्ह लावून तो अर्धाच उघडा, नाहीतर क्लॅम्पमधून पाइप निसटून गरम पाण्याचा फवारा अंगावर येईल.

हे जमत नसेल तर तीन टप्पे.

तीन टप्प्यांचा हिशेब

२० लिटर वर्ट १०० वरून २० अंशांवर आणायचा म्हणजे सुमारे ६,७०० किलोज्यूल उष्णता काढायची. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, वितळलेलं पाणी थोडं तापतं ते धरून साधारण ३७५. सगळं काम बर्फावर टाकलं तर १८ किलो लागतो, वाया जाणारा धरून २० च्या वर. म्हणून बर्फ पहिल्यापासून वापरायचा नाही. ही चूक इतकी सर्रास होते की बर्फाची लादी आणून पहिल्या दहा मिनिटांत संपवतात आणि नंतर पुन्हा ४० वर अडकून बसतात. १०० ते ५० हा उतार टाकीचं ४० अंशांचं पाणीसुद्धा फुकटात करून देतं, आणि एकूण उष्णतेतली साठ टक्क्यांहून जास्त उष्णता तिथेच निघून जाते.

पहिला टप्पा, १०० ते ५०: टाकीचं पाणी, मिनिटाला ४ लिटर, सतत ढवळत. पंधरा मिनिटं आणि साधारण ६० लिटर पाणी. मे महिन्यात एवढं पाणी मोरीत सोडणं बरं दिसत नाही. दोन बादल्या आणि एक ड्रम लावा. सुरुवातीचं १५-२० लिटर चांगलं कढत असतं, त्यात पातेली, बरण्या, फर्मेंटर (वर्ट आंबवायचं भांडं) धुऊन निघतात.

दुसरा टप्पा, ५० ते ३०: कूलरच्या टाकीतलं पाणी, बंद फेऱ्यात. सविस्तर खाली.

तिसरा टप्पा, ३० ते २०: बादलीत बर्फ आणि पाणी, पंपानं फिरवत. वर्टमधून काढायचे फक्त ८४० किलोज्यूल उरतात, म्हणजे सव्वादोन किलो बर्फ. पण बादलीतलं पाणीही बर्फालाच थंड करावं लागतं, आणि हे बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. बादलीत २६ अंशांचं १० लिटर पाणी घेतलंत तर ते ३ अंशांवर आणायलाच अडीच किलो जातो. म्हणून पंप बुडेल एवढंच पाणी घ्या, ५-६ लिटर, जमल्यास फ्रीजमधलं. मग ५ किलोत काम होतं.

कूलर नसेल तर ४३ वरून थेट बर्फावर जा; ९-१० किलो धरा.

कूलरची टाकी

हा टप्पा परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, आणि नागपुरात मात्र घरोघरी तयार उभा असतो. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या हवेत ओल्या ताट्यांवरून वाहणारं पाणी २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. व्यवहारात लोखंडी जंबो कूलरच्या टाकीत २५-२६ मिळतं. नळाला ४० आणि कूलरच्या टाकीत २५, तेही बर्फाशिवाय.

मांडणी: कूलर सावलीत पण मोकळ्या हवेत हवा, बंद खोलीत नाही, बंद खोलीत तासाभरात हवा दमट होते आणि पाणी निवणं थांबतं. टाकी ६० लिटरपर्यंत भरा आणि पंखा-पंप दोन्ही तासभर आधी सुरू करा, कारण भरलेलं पाणी ४० चं असतं आणि ते उतरायला वेळ लागतो. पाणी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करा; नाहीतर थंड करत असताना ४० अंशांचं पाणी हळूच आत येत राहतं आणि तापमान का उतरत नाही ते कळत नाही.

कूलरचा स्वतःचा पंप ताट्या भिजवायला तसाच चालू ठेवायचा. कॉइलसाठी टाकीत दुसरा पंप टाका. कॉइलमधून परत येणारं पाणी टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडा, पंपाच्या तोंडाशी नाही. या टप्प्यात टाकीत सुमारे १,७०० किलोज्यूल येतात; ताट्या बंद असत्या तर ६० लिटर पाणी त्यानं सात अंश तापलं असतं, चालू ताट्या त्यातलं बरंचसं तिथल्या तिथे उडवून लावतात. पहिल्या टप्प्याचं कढत पाणी मात्र चुकूनही कूलरमध्ये सोडू नका. ते सोडलं की तासभर केलेली तयारी गेली.

कूलरचं पाणी घाण असतं. धूळ, शेवाळ, वुडवुलच्या काड्या. ते कॉइलच्या आतूनच फिरतं, वर्टला लागत नाही, पण काड्या कॉइलमध्ये अडकतात. पंपाच्या तोंडावर जुना नायलॉनचा पायमोजा रबर लावून बांधा. गच्च नको, सैल पिशवीसारखा. वाळ्याच्या ताट्या असतील तर हे हमखास करा, वाळ्याचे तंतू बारीक असतात आणि कॉइलच्या पहिल्याच वेढ्यात गोळा होतात.

आणि विजेचं. लोखंडी कूलर, ओली फरशी, पाण्यात दोन पंप आणि हात गुंतलेले, हे जीवघेणं मिश्रण आहे. तीन पिनचा प्लग, चालू अर्थिंग आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) एवढं असल्याशिवाय हा टप्पा करूच नका. टाकीत किंवा बर्फाच्या बादलीत हात घालण्याआधी प्लग उपसा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, कारण चुकीच्या जोडणीत स्विच न्यूट्रलवर असू शकतो.

पंप चालतो पण पाणी टपकतं

कूलरचा नेहमीचा १८ वॅटचा पंप घ्या. त्यावर ११०० लिटर प्रतितास आणि १.८५ मीटर असं छापलेलं असतं. ते दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत: ११०० लिटर पाइप न लावता, आणि १.८५ मीटरवर धार शून्य. एसी मेकॅनिक वापरतात ती तीन सुती तांब्याची नळी आतून जेमतेम ८ मिलिमीटर असते. तिचे १० मीटर वेढे आणि मीटरभर दाब, एवढ्यात मिनिटाला सुमारे २ लिटर पाणी जातं. तेवढं पुरतं. अर्ध्या इंचाच्या नळीतून त्याच दाबावर साडेचार लिटरच्या वर जातं, म्हणून नवीन कॉइल करणार असाल तर १५ मीटर तीन सुतीपेक्षा १० मीटर अर्धा इंची घ्या.

दोन लिटरही येत नसेल तर या क्रमानं बघा. परतीच्या पाइपचं तोंड बादलीच्या वर लटकतंय का? तसं असेल तर पंपाला ती सगळी उंची चढावी लागते. तोंड पाण्याखाली बुडवा आणि पाइप पूर्ण भरू द्या. मग चढलेलं पाणी उतरताना तेवढंच ओढतं आणि उंचीचा हिशेब फिटतो. पातेलं शेगडीवर उंच आणि बादली जमिनीवर असेल तर बादली स्टुलावर चढवा. कॉइलच्या वरच्या वेढ्यात हवेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो. आधी नळाच्या दाबानं कॉइल भरून घ्या, मग पाइप पंपावर लावा. एवढं करूनही धार बारीक असेल तर ४० वॅटचा पंप आणा.

या पंपांची मोटर भोवतालच्या पाण्यानंच निवते. ४५ अंशांच्या वरचं पाणी त्यातून फिरवलं की इंपेलर वाकडा होतो, मग तो घरघरतो आणि फिरत नाही. वर्ट तर या पंपातून कधीच नको: प्लास्टिक खाण्याच्या दर्जाचं नसतं आणि आत ग्रीस असतं.

प्रीचिलर का फसतो

इंटरनेटवर सगळीकडे सांगितलेला उपाय म्हणजे दुसरी कॉइल बर्फाच्या बादलीत ठेवायची आणि नळाचं पाणी आधी तिच्यातून न्यायचं. जिथे नळाला २२ अंश येतात तिथे हे ठीक आहे. इथे हिशेब करा: मिनिटाला ४ लिटर पाणी ४० वरून २० वर आणायला ३३४ किलोज्यूल लागतात. बरोबर एक किलो बर्फ, दर मिनिटाला. आणि ते थंड केलेलं पाणी वर्टमधून एकदा फिरून मोरीत जातं. बर्फाचं पाणी फेऱ्यात फिरवलं तर बर्फाला फक्त वर्टची उष्णता घ्यावी लागते, नळाच्या पाण्याची नाही. प्रीचिलरसाठी घेतलेली दुसरी कॉइल असेल तर ती पहिलीला समांतर जोडा, धार दुप्पट होते. तेवढाच तिचा उपयोग.

बर्फ कुठला? कारखान्यातली लादी चालते, निळसर रंगाचा न खाण्याचा बर्फही चालतो, कारण तो वर्टला लागत नाही. फक्त बादलीतलं पाणी वर्टच्या पातेल्याजवळ उडू देऊ नका. लादी गोणपाटात गुंडाळून मुठीएवढे तुकडे करा. घरच्या फ्रीजरमधल्या बाटल्या वापरायच्या तर लिटरच्या बाटलीत ९०० मिलिच भरा, आणि बाटलीतून उष्णता हळू शिरते म्हणून ५ ऐवजी ७-८ ठेवा. बर्फात मीठ घालायची गरज नाही. पाणी उणेत जाऊन उपयोग काही नाही, पंप आणि तांबं मात्र खराब होतात.

कॉइल घरी वळताना

नवी तांब्याची नळी नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा एसीचं सामान विकणाऱ्या दुकानात १५ मीटरच्या गुंडाळीत मिळते. पातेल्याच्या आतल्या व्यासापेक्षा ५ सेंटिमीटर कमी व्यासाचा डबा घ्या, रंगाचा रिकामा डबा चालतो, आणि त्यावर वळा. वळताना नळी चपटी होते ती घाई केल्यामुळे. एक टोक बंद करून आत बारीक कोरडं मीठ ठासून भरा, वळून झाल्यावर पाण्यानं धुऊन काढा. रेती वापरू नका, एखादा कण आत राहिला तर पंप बिघडतो. वेढ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. एकमेकांना चिकटलेले वेढे निम्मं काम करतात.

दोन्ही टोकं पातेल्याच्या काठावरून बाहेर काढून खाली वाकवा. जोड, क्लॅम्प, पाइपचं तोंड, सगळं काठाच्या बाहेर. क्लॅम्प आज ना उद्या ठिबकणारच. ते ठिबकलेलं पाणी जमिनीवर पडलं पाहिजे, निवलेल्या वर्टमध्ये नाही. बाहेर जाणाऱ्या बाजूला साधा पारदर्शक पीव्हीसी पाइप नको. पहिल्या मिनिटात तिथून ८०-९० अंशांचं पाणी येतं, पाइप मऊ पडतो आणि निसटतो. सिलिकॉनचा किंवा जाळीचा पाइप लावा आणि नळ सुरुवातीला अर्धाच उघडा.

नव्या नळीला आत-बाहेर तेल असतं: व्हिनेगरनं पुसून साध्या पाण्यात एकदा उकळून घ्या. नंतर दर वेळी उकळण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत कॉइल वर्टमध्येच सोडा म्हणजे निर्जंतुक होते. तांब्यावर हिरवं दिसलं तर व्हिनेगर-मीठ लावून घासल्याशिवाय वर्टमध्ये घालायची नाही.

थर्मामीटरवर विश्वास किती

अर्ध्या तक्रारी खोट्या आकड्यांच्या असतात. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. खात्याचा सेन्सर फसतो तर दोनशे रुपयांचा प्रोबही फसणार. बारीक बर्फ आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात प्रोब दोन मिनिटं धरा, ० यायला हवं. उकळत्या पाण्यात इथे १०० येत नाही: नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, ९९ आलं की बरोबर. प्रोब कॉइलला टेकलेला असेल तर तो पाण्याचं तापमान दाखवतो. ढवळून, मधोमध मोजा.

वर्ट निवला, पण फर्मेंटर तापतो

२० अंशांवर आणलेला वर्ट ३८ अंशांच्या खोलीत ठेवला तर केलेली सगळी मेहनत एका रात्रीत जाते. शिवाय आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. पहिले दोन-तीन दिवस द्रव भोवतालच्या हवेपेक्षा ३ ते ५ अंश वर असतो. एल प्रकारच्या बीअरचं यीस्ट १८-२० ला नीट चालतं. २५ च्या वर गेलं की केळ्याचा वास, त्याहून वर नेलपॉलिशसारखा तिखट वास आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावणारे जड अल्कोहोल. लागर या थंडाव्यात आंबणाऱ्या बीअरचा (१०-१२ अंश) नाद इथे फ्रीजशिवाय करू नये.

थर्माकोलची पेटी: ५० मिलिमीटर जाड शीट, सहाही बाजूंनी, सांधे टेपनं बंद. खोली ४०, आत १९ असं धरलं तर भिंतींतूनच अठराएक वॅट आत शिरतात; दिवसाला ४ किलो बर्फ, आंबण्याच्या जोराच्या दिवसांत आणखी एक. म्हणजे लिटरच्या ५ बाटल्या आत आणि ५ फ्रीजरमध्ये गोठत, दिवसातून दोनदा अदलाबदल. पेटीत ओलावा साचतो, तळाला स्टीलची परात ठेवा. झाकण वरच्या ऐवजी बाजूच्या भिंतीत, दारासारखं केलंत तर उघडताना सगळी थंड हवा खालून वाहून जाते, हे लक्षात असू द्या.

पेल्टियर प्लेटचा (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती) मोह होतो, कारण ती स्वस्त आणि सुटसुटीत दिसते. ४० अंशांच्या खोलीत तिची गरम बाजू ५५ च्या वर जाते. थंड बाजू १२ ठेवायची तर फरक ४० च्या वर. एवढ्या फरकावर साठ वॅटची प्लेट नावापुरती उष्णता ओढते. वर उरलेली वीज खोलीच तापवते. सोडून द्या.

जुना सिंगल डोअर फ्रीज आणि एसटीसी-१००० कंट्रोलर ही जोडी टिकते. फ्रीजचा मूळ थर्मोस्टॅट सगळ्यात थंडवर ठेवा आणि कंट्रोलरला फ्रीजचा पुरवठा चालू-बंद करू द्या. एफ१ म्हणजे हवं असलेलं तापमान, १९. एफ२ म्हणजे फरक, १.०, एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर परत सुरू होण्याआधीची विश्रांती, १० मिनिटं, एफ४ मध्ये बर्फाच्या लगद्यात सापडलेली चूक भरा. वारंवार येणारे बिघाड असे:

कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो: प्रोब हवेत लटकतोय. हवा मिनिटात निवते, वर्ट तासात. प्रोब फर्मेंटरच्या बाहेरून, वर्टच्या पातळीच्या मध्यावर चिकटवा आणि त्यावर हातभर फोम टेपनं बांधा. हवेतल्या प्रोबचा दुसरा तोटा असा की स्क्रीनवर १९ दिसतं आणि आत वर्ट २३ ला असतो.

तापमान १६ पर्यंत खाली घसरतं: प्रोब बरोबर आहे, पण कॉम्प्रेसर बंद होईपर्यंत आतली हवा आणि फ्रीजरची पट्टी शून्याजवळ गेलेली असते. आत १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा सतत चालू ठेवा, हवा फिरली की घसरण अर्ध्या अंशावर येते.

वीज गेली-आली की फ्रीज घुमतो पण सुरू होत नाही: दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसरनं धडपड केलेली असते. एफ३ फार कमी ठेवलेला असतो, वाढवा. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर.

फ्रीज दिवसभर थांबतच नाही: आतल्या स्टिकरवर क्लायमेट क्लास बघा. सगळ्यात उष्ण प्रदेशासाठीचा टी वर्गसुद्धा ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गॅलरीत तो हरणारच. आतल्या खोलीत, मागे १५ सेंटिमीटर जागा सोडून ठेवा, मागची जाळी ब्रशनं झाडा.

यंत्रापेक्षा यीस्ट बदलणं सोपं असेल तर तेही करा. नॉर्वेतलं क्वाइक, विशेषतः व्हॉस प्रकार, ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ आंबवतं. मे महिन्यात ते असेल तर बर्फाचा टप्पा पूर्ण गळतो. कूलरच्या पाण्यानं ३५ वर आणा आणि यीस्ट टाका.

जुलैत सगळं उलटं होतं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की ओल्या ताट्यांवरचं पाणी २८ च्या खाली जातच नाही, आणि नळालाही तेव्हा साधारण तेवढंच येतं. कूलरचा टप्पा बंद करा, नळावरून थेट ३१-३२ पर्यंत आणा आणि मग बर्फ, ५-६ किलो. फर्मेंटरवर ओलं फडकं आणि पंखा ही मे महिन्यातली युक्तीही तेव्हा चालत नाही, उलट फडक्यावर बुरशी येते. फ्रीजच्या आतही दाराच्या रबरावर काळे ठिपके दिसू लागतात. आठवड्यातून एकदा व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा आणि आत उघड्या डब्यात पाव किलो सिलिका जेल ठेवा, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून निळं करून पुन्हा वापरा, पण तो तवा नंतर स्वयंपाकाला नको.